कस्टम हाऊसचं स्टेडियम

ब्रेक नसलेली मोटारसायकल चालवायची म्हटलं, तरी आपल्या पोटात गोळा येईल. स्पीडवेच्या शर्यतीत मात्र ब्रेक नसतातच. ५०० सीसीचं इंजिन, एकच गिअर, इंधन मिथेनॉल. चार स्वार, चार फेऱ्या, आणि प्रत्येक वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत डावीकडे वळायचं. मिनिटभरात खेळ खलास!

१९२८ मध्ये हा खेळ इंग्लंडमध्ये रुजू लागला आणि त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये, गोदीकामगारांच्या वस्तीत, कस्टम हाऊस इथं वेस्ट हॅम स्टेडियम उघडलं. वास्तुरचनाकार आर्किबाल्ड लीच, फुटबॉल मैदानांसाठी नावाजलेला. एक लाखाहून जास्त माणसं मावतील, एवढा पसारा! तिथं ‘थेम्स’ नावाचा फुटबॉल संघही खेळे. डिसेंबर १९३० मध्ये त्याच्या एका लीग सामन्याला जेमतेम ४६९ प्रेक्षक आले. ते चित्र डोळ्यांसमोर आणलं, की मला हसूही येतं आणि वाईटही वाटतं. त्याच मैदानात १९३३ मध्ये स्पीडवेला ८२ हजारांवर गर्दी लोटली होती.

या गर्दीचा लाडका होता ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन. १९३६ मध्ये वेम्ब्लीला पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली. विल्किन्सननं आपल्या पाचही शर्यती जिंकल्या, तरी विजेता झाला लायोनेल व्हॅन प्राग! आधीच्या फेऱ्यांतले बोनस गुण अंतिम गुणांत मिळवले जात, त्यात विल्किन्सन मागे पडला. एकही शर्यत न हरता माणूस तिसरा! हा नियम मला आजही पटत नाही. १९३८ मध्ये त्यानं अखेर विजेतेपद मिळवलं, पण १९४० मध्ये सिडनीत रस्त्यावरच्या अपघातात तो गेला.

जुलै १९७० मध्ये बेल्जियममधल्या लोकेरेनजवळ वेस्ट हॅमच्या मिनीबसला अपघात झाला. व्यवस्थापक फिल बिशप यांच्यासह संघातले स्वार त्यात गेले. १९७२ मध्ये स्टेडियम बंद पडलं, पाडलं गेलं. जागेवर घरं उभी राहिली.

आपल्याकडे रस्त्याला नाव द्यायचं, तर बहुधा पुढाऱ्याचं. इथल्या गल्ल्यांना मात्र स्पीडवेच्या माणसांची नावं मिळाली. होस्किन्स क्लोज आहे तो तीसच्या दशकात इथल्या शर्यती भरवणाऱ्या जॉनी होस्किन्सच्या नावाचा. यंग रोड, १९५२ मध्ये वेस्ट हॅमकडून जगज्जेता झालेल्या जॅक यंगचा. आणि विल्किन्सन रोडही आहे.