चतकोर भाकरी, प्रस्थभर भात आणि तुपाची वाटी : कुत्र्याच्या वाट्याचा इतिहास

१/ हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. परंपरा या गावाला संत नामदेवांचे (इ.स. १२७०–१३५०) जन्मस्थान मानते. नामदेवांची एक कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. कुत्रे भाकरी पळवते आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. कोरडी खाऊ नकोस, म्हणून विनवतात. या कथेच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. कुत्र्याला किती द्यावे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? आजचा धागा त्याविषयी.

२/ आरंभ राजाच्या कोठारापासून करू. कौटिलीय अर्थशास्त्र हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. म्हैसूरच्या आर. शामशास्त्रींनी तो १९०९ साली छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणातील पंधरावा अध्याय कोठाराच्या अधिकाऱ्याविषयी आहे. माणसांच्या शिध्यानंतर तेथे प्राण्यांचा शिधा येतो : कुत्र्याला एक प्रस्थ शिजवलेला भात, हंस, क्रौंच आणि मोर यांना अर्धा प्रस्थ. प्रस्थ हे धान्य मोजण्याचे माप होते; चार प्रस्थांचा एक आढक, चार आढकांचा एक द्रोण.

३/ राज्याने कुत्र्यांचा हिशेब का ठेवावा? कारण ही कुत्री कामाची होती. कुत्री बाळगणाऱ्या शिकाऱ्यांनी रानात फिरून चोर आणि शत्रू यांवर नजर ठेवावी, अशी व्यवस्था त्याच ग्रंथात आहे. काम ठरलेले, म्हणून शिधाही ठरलेला.

४/ त्याच अध्यायातील पुढचा नियम अधिक मोलाचा आहे. ज्या पशुपक्ष्यांचे माप दिलेले नाही, त्यांचे एका वेळचे खाणे पाहावे आणि त्यावरून अंदाज बांधावा. म्हणजे माप ग्रंथात सापडले नाही, तर ते प्राण्याकडे पाहून ठरवावे. हे वाक्य ध्यानात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

५/ आता गृहस्थाच्या अंगणात येऊ. धर्मशास्त्राने पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला. स्वतः जेवण्यापूर्वी इतर जीवांसाठी अन्न काढून ठेवायचे. येथे प्रश्न मापाचा नव्हता, वाट्याचा होता. मात्र हा वाटा निर्मळ नव्हता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्री, पतित, चांडाळ, रोगी, कावळे आणि किडे यांना एकाच यादीत बसवले आहे, आणि त्यांचे अन्न भुईवर ठेवावे, असे म्हटले आहे. कुत्र्याचा वाटा मान्य झाला खरा. पण काही माणसांची पायरीही त्याच ओळीत ठरवून टाकली गेली.

६/ मराठी घराने या वाट्याला स्वतःची मापे दिली. भाकरीचा चौथा हिस्सा म्हणजे चतकोर, त्याहून लहान तो नितकोर. दारातल्या कुत्र्याच्या नशिबी बहुधा यांपैकीच एक येई. घरात किती उरले, यावर ते ठरे. कुत्र्याला किती हवे, यावर क्वचितच.

७/ या पार्श्वभूमीवर नामदेवांची कथा पुन्हा वाचा. महिपतींच्या १७६२ सालच्या ‘भक्तविजया’त ती येते, म्हणजे नामदेवांनंतर चारशे वर्षांनी. तेव्हा तिला घडलेल्या प्रसंगाची नोंद मानता येणार नाही. समाजाने जपलेली ती स्मृती आहे. परंपरेनुसार औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी नामदेवांना ईश्वर सर्वत्र असल्याचा बोध केला, आणि त्यानंतर हे कुत्रे आले. भुईवर ठेवलेल्या घासाऐवजी येथे वाढलेले ताट आहे, आणि वाढणारा पाहुण्यामागे धावतो आहे. शिंपी कुळातील, चोखामेळ्यांचा सहवास लाभलेल्या संताविषयी ही कथा सांगितली गेली, यात तिचा अर्थ आहे.

८/ आता विज्ञान. जर्मन शास्त्रज्ञ माक्स रुब्नर यांनी १८८३ साली लहानमोठ्या कुत्र्यांचा ऊर्जाव्यय मोजून दाखवला. दर किलो वजनामागे लहान कुत्रे अधिक ऊर्जा खर्च करते. पुढे १९३२ साली माक्स क्लायबर यांनी कॅलिफोर्नियात दाखवले की ही गरज वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. आजचे पशुवैद्य याच सूत्राने हिशेब करतात. विश्रांतीत १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ३९४ किलोकॅलरी लागतात, तर २० किलोच्या कुत्र्याला सुमारे ६६२. वजन दुप्पट झाले, तरी अन्न दुप्पट लागत नाही.

९/ साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० किलोकॅलरी देते. म्हणजे चतकोरात जेमतेम ५०. दहा किलोच्या कुत्र्याची नुसती विश्रांतीची गरजही अशा आठ चतकोरांची; हिंडण्याफिरण्याची वेगळी. शिवाय केवळ भाकरी हा त्याचा पूर्ण आहार नव्हे, प्रथिनेही हवीत. आणि तुपाची वाटी? पन्नास ग्रॅम तुपात सुमारे ४५० किलोकॅलरी असतात. १२ किलोच्या कुत्र्याची दिवसभराची विश्रांतीची गरज नेमकी तेवढीच. तेव्हा नामदेवांचा भाव घ्यावा, वाटी मात्र आवरती घ्यावी!

१०/ सूत्र हाही अंदाजच असतो. वय, श्रम, गर्भारपण यांनुसार गरज बदलते. म्हणून पशुवैद्य शेवटी कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून पाहतात. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण वर आलेल्या दिसू नयेत. १९९७ साली यासाठी ९ पायऱ्यांची श्रेणी प्रसिद्ध झाली. कौटिल्याने कोठाराच्या अधिकाऱ्याला दुसरे काय सांगितले होते? प्राण्याकडे पाहा आणि अंदाज बांधा.

११/ कोठाराने माप दिले, अंगणाने वाटा दिला, नर्सीच्या संताच्या कथेने मान दिला. मापाविना माया कुत्र्याला स्थूल करते. मायेविना माप त्याला चतकोरावर ठेवते. आज संध्याकाळी दारातल्या कुत्र्याला काही घालाल, तेव्हा आधी क्षणभर त्याच्या बरगड्यांकडे पाहा. आणि तुमच्या गावी कुत्र्याच्या वाट्याला काय म्हणतात, ते खाली अवश्य लिहा.