वंशवृक्षावरील कलमे

राजघराण्याचा वंशवृक्ष आपण सर्वांनीच कोठे ना कोठे पाहिला आहे. तळाशी मूळपुरुष, वर फांद्या, फांद्यांवर राजांची नावे. युरोपात प्रबोधनकाळी ही एक कलाच होऊन बसली. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने ड्यूररप्रभृती चित्रकारांकडून लाकडी ठशांची एक विजयकमान करविली. तिच्यावर १५१५ हे साल आहे. छापलेले कागद जोडले म्हणजे ती साडेतीन मीटर उंच भरते. मधोमध सम्राटाचा वंशवृक्ष आहे आणि त्याच्या मुळाशी ट्रॉय नगरी स्त्रीरूपाने बसली आहे! हे ठसे कोरविणारा न्यूरेंबर्गचा कारागीर हिरोनिमस आंद्रे पुढे १५२५ च्या शेतकऱ्यांच्या उठावात त्यांच्या बाजूला गेला. आम्हांला ट्रॉयपेक्षा त्याचेच अधिक कौतुक. असो.

गिरणी कामगारांचे वारसनोंदीचे अर्ज भरण्यात आमची पुष्कळ वर्षे गेली. त्यामुळे वंशवृक्ष पाहिला की चित्राआधी आम्हांला त्यातला दावा दिसतो. आपल्या नागपूरकर भोसल्यांचेच पाहा.

पहिल्या रघुजींना चार पुत्र : मुधोजी, जानोजी, साबाजी, बिंबाजी. १७५५ साली गादी जानोजींना मिळाली. त्यांना मूल नव्हते. त्यांनी मुधोजींचा मुलगा रघुजी दत्तक घेतला. १७७२ त जानोजी वारले आणि मुधोजी व साबाजी एकमेकांवर उठले. १७७५ साली नागपूरजवळच्या पाचगावच्या लढाईत साबाजी पडले. वंशावळीत बोटभर दिसणारी दत्तकाची रेघ पक्की व्हायला सख्ख्या भावाचे रक्त लागले.

दुसरे कलम इंग्रजांच्या देखत झाले. दुसरे रघुजी १८१६ त वारले, त्यांचे पुत्र परसोजी पुढल्याच वर्षी मारले गेले. अप्पासाहेबांना सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ त, इंग्रजांनी पदच्युत केले आणि दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तकविधीने भोसला करून गादीवर बसविला. हेच तिसरे रघुजी. राजा अजाण, कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. मग दत्तकाला हरकत कोण घेणार?

११ डिसेंबर १८५३ रोजी हे रघुजी निपुत्रिक वारले. राजघराण्यातील स्त्रियांनी यशवंतरावांना दत्तक म्हणून पुढे केले. आता मात्र डलहौसीला हक्क दिसेना. १८५४ साली राज्य खालसा झाले. का, ते डलहौसीच्या टिपणातच आहे : इंग्लंडला कापूस हवा होता, आणि वऱ्हाड-नागपूरची काळी जमीन कापसाची. पाठोपाठ हत्ती-घोडे सीताबर्डीला आणि राजघराण्याचे जवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले.

१८५७ त दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई इंग्रजांच्या बाजूने राहिल्या. पुढे यशवंतरावांना जानोजी या नावाने देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली. पान वृक्षावर पुन्हा चढले, मुलूख परत आला नाही. १८१८ पासून चाळीस वर्षे घराणे सांभाळणाऱ्या बाकाबाईंचे नाव मात्र अशा वंशावळींत शोधायचे, तर ते नवऱ्याच्या नावाला चिकटून, बारीक अक्षरात.