अण्णांची वही

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे ‘मार्कडाऊन’ या शब्दाचा मला ठाऊक असलेला अर्थ एकच : माल खपेना म्हणून किमतीत केलेली घट. तेव्हा दिवाळीला आलेला भाचा जेव्हा म्हणाला, “मामा, आजोबांची वही आपण मार्कडाऊनमध्ये घेऊ,” तेव्हा मला रागच आला. अण्णांच्या वहीला गिऱ्हाईक नाही हे खरं. पण घरच्या माणसानं ते असं तोंडावर बोलू नये!

आधी वहीबद्दल सांगतो. अण्णा श्रीगोंद्याला शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोनशेपानी वहीत गावाची हकीकत लिहून काढली. शिंद्यांचा वाडा, भीमेकाठचा पेडगावचा किल्ला, शेख महंमदांची समाधी, शिवाय कुठल्या आडाचं पाणी गोड आणि कुठल्या आडावर भांडणं फार, सगळं त्यात आहे.

2006 साली मी हौसेनं ती वही एका टायपिंगवाल्याकडून संगणकावर चढवून घेतली. त्याची सीडी आणली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि कपाटात दागिन्यांशेजारी ठेवली. (दागिने कमी असल्यामुळे जागा भरपूर होती.) दहा वर्षांनी उघडून बघतो तो ‘श्रीगोंदा’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची भेळ! कारण मागाहून कळलं. त्या काळचे पुष्कळ मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून वेळ मारून नेत. आत मजकूर इंग्रजी खुणांचा, वर मराठी मुखवटा. मुखवटा हरवला, की मराठी गेलं. युनिकोडनं 1991 सालीच देवनागरीला हक्काची घरं दिली होती. पण ती बातमी आमच्या टायपिंगवाल्यापर्यंत पोचली नव्हती.

पुढे काही पानं मी पुन्हा टाईप करून एका फुकटच्या संकेतस्थळावर टाकली. त्या कंपनीनं एके दिवशी दुकानच आवरलं. दोन्ही वेळेला अण्णांनी एवढंच विचारलं, “गेलं का?” रागावले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून या खेपेला मी भाच्याला दम दिला. “आधी मला नीट समजावून सांग. मग वहीला हात लाव.”

त्यानं सांगितलेला इतिहास असा. जगातलं पहिलं संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत 1991 साली सुरू केलं. तिथली पानं म्हणजे लिहून ठेवलेल्या फायली. मागितली, की उचलून दिली. पुढे लोकांची हौस वाढली. मागणी आली की कोठारातून माहिती काढायची, पान त्याच क्षणी रांधायचं आणि गरमागरम वाढायचं, अशी पद्धत रूढ झाली. बँकेत ती हवीच. तुमच्या खात्यावरची शिल्लक सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरी, आणि एक तारखेनंतर जवळजवळ नसतेच.

पण आडाचं पाणी गोड आहे, हे दर वेळी नव्यानं कशाला रांधायचं?

हे मला लगेच पटलं. आमच्या शाखेत ‘सर्व्हर डाऊन’ झाला, की पासबुक थांबतं, पैसे थांबतात, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरची माणुसकी थांबते. चालू राहते ती फक्त भिंतीवरची व्याजदरांची पाटी! कुणीही यावं, वाचावं. भाचा म्हणाला, “मामा, ती पाटी म्हणजेच स्टॅटिक संकेतस्थळ.” एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्या पाटीचा इतका गौरव कुणी केला नव्हता.

अडचण एकच. दोनशे पाट्या हातानं रंगवायच्या, तर प्रत्येक पानावर सजावटीच्या खुणांचं जंगल लिहावं लागतं. त्या खुणांच्या भाषेला म्हणतात मार्कअप. त्यावर उतारा म्हणून अमेरिकेत जॉन ग्रुबर यांनी, ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीनं, 2004 साली मार्कडाऊन आणलं. ओळीआधी # ही जाळी घातली की मथळा. शब्दाला दोन्हीकडून चांदणी लावली की जोर. बाकी साधं लिहायचं, पोस्टकार्डावर लिहितो तसं. मग 2008 साली टॉम प्रेस्टन-वेर्नर यांनी अशा साध्या फायलींपासून अख्खं संकेतस्थळ तयार करणारं ‘जेकिल’ बाहेर काढलं आणि 2013 साली स्टीव्ह फ्रान्सिया यांनी ‘ह्यूगो’.

आपल्याकडचं नावही यात आहे. अविनाश चोपडे यांचं ‘आयट्रान्स’ 1991 सालचं. साध्या रोमन अक्षरांत लिहावं, आज्ञा द्यावी आणि देवनागरी पान हाती घ्यावं! ‘संस्कृत डॉक्युमेंट्स’ या संकेतस्थळावरची कितीतरी स्तोत्रं अशाच साध्या फायलींतून निघालेली आहेत. फाँट आले आणि गेले. साधी फाईल तशीच राहिली. माझी सीडी आठवून मला इथं एक उसासा टाकावा लागला.

अण्णा इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, “यात नवीन काय आहे? शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला. लोकांनी नकला करून करून तो राखला. पोथीचं बासन दर पिढीला फाटतं. नवं घ्यायचं. ओव्या त्याच!”

भाचा गप्प झाला. त्याला इतका वेळ जे सांगायचं होतं, ते बासनात गुंडाळून अण्णांनी त्याच्या हाती दिलं होतं.

मग पाच महिने मी दिवसा बँकेत आणि रात्री वहीत. ‘जेकिल’ या नावात कादंबरीतला दिवसा एक आणि रात्री दुसरा असणारा डॉक्टर मला दिसला तो तेव्हाच. फरक एवढाच, की सौ.च्या मते मी दोन्ही वेळेला सारखाच निरुपयोगी होतो. पाडव्याला भाचा आला. त्यानं काळा पडदा उघडला. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. त्यानं ‘ह्यूगो’ असं नुसतं नाव घातलं आणि एंटर दाबलं. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत एकशे बारा पानं तयार!

प्रत्येक पानाच्या डोक्यावर मी ‘जिल्हा अहमदनगर’ घालून ठेवलं होतं. जिल्ह्याचं नाव तर 2024 साली अहिल्यानगर झालं. नावबदल म्हणजे काय, ते शिक्के, पावत्या आणि छापील पाकिटांच्या गठ्ठ्यांत बसलेल्या माणसाला विचारा. मी धास्तावलो. भाच्यानं साच्याच्या फायलीत एका जागी नाव बदललं, पुन्हा आज्ञा दिली आणि एकशे बारा पानांवर अहिल्यानगर! परिपत्रक नाही, स्मरणपत्र नाही. सरकारी खात्याला हे यंत्र दाखवू नये. पुष्कळ लोकांचा दुपारचा चहा बुडेल.

अण्णांनी मोठ्या अक्षरांत वाचलं. एक आड चुकीच्या आळीत गेला होता. तो जागेवर आणला. मग त्यांनी विचारलं, “हे कायमचं ना?”

खोटं बोलवेना. “नाही अण्णा. ही जागासुद्धा कधीतरी बंद पडेल. पण मजकूर साधा आहे आणि आपल्याकडे आहे. चार ठिकाणी नकला ठेवू. बासन नवं घेता येईल.”

अण्णांनी मान हलवली. मग कपाटाकडे गेले आणि एक कोरी दोनशेपानी वही माझ्या पुढ्यात ठेवली.

“पाचवी नकल हिच्यात कर. तेवढंच तुझं अक्षर सुधारेल.”