दाद मागण्याचा हक्क आणि घरातील जुने दप्तर

सवलत ही सरकारची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क होय. आणि नकाराविरुद्ध दाद मागता येत नसेल, तर कोणताही हक्क नावापुरताच उरतो. जातीच्या दाखल्याचा अर्ज फेटाळला गेला म्हणजे सारे संपले, असे मानून स्वस्थ बसणारे ज्ञातिबांधव थोडेथोडके नाहीत. म्हणून या हक्काचा इतिहास येथे संक्षेपाने नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशांनी अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या निश्चित झाल्या. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांस कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, हे महाराष्ट्रात आजही पाहिले जाते. उपनगरवासीयांची अडचण येथेच होते. अंधेरी व घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आली, बोरिवली व मुलुंड १९५७ साली. आणि सांप्रतचा मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे आजोबांच्या दाखल्यातील गावाचा उल्लेख नातवाच्या पत्त्याशी जुळेलच असे नाही. परंतु हद्दी बदलल्या म्हणून दाखला खोटा ठरत नाही. हा खुलासा अर्जातच करावा.

२ सप्टेंबर १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील दोन बहिणींच्या वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशाबाबत निकाल दिला. वडिलांच्या शाळेतील जुनी नोंद त्यांच्या दाव्याच्या आड आली. घटनापूर्व काळातील अशा नोंदींस मोठे वजन आहे, असे सांगून न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने केलेला सन २००० चा जात प्रमाणपत्र अधिनियम १८ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आला.

या अधिनियमात नकाराचे दोन प्रकार संभवतात व त्यांचे मार्ग भिन्न आहेत. सक्षम अधिकाऱ्याने दाखलाच नाकारला, तर आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. दाखला मिळूनही पडताळणी समितीने तो अवैध ठरविला, तर तेथे अपील नाही. राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयातच जावे लागते. या दोहोंची गल्लत झाली की मुदत निघून जाते आणि मुलाचे वर्ष वाया जाते. यास्तव तोंडी नकारावर विसंबू नये. लेखी आदेश मागावा व तो मिळाल्याची तारीख टिपून ठेवावी.

जात सिद्ध करण्याची जबाबदारी अधिनियमाने अर्जदारावर टाकली आहे. म्हणजे वकील कितीही निष्णात असला तरी अखेर बोलणार ते कागदच. शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, कोतवाल बुकातील उतारा, जमिनीचे जुने कागद हेच खरे साक्षीदार होत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पितृकुळातील रक्ताच्या नातलगास वैधता मिळालेली असेल, तर ती फसवणुकीने वा अधिकाराबाहेर दिली गेली असल्याखेरीज दुसऱ्यास सामान्यतः नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. एका घराचा कागद दुसऱ्या घराच्या मुलीचे शिक्षण तारू शकतो, हा त्याचा अर्थ. अशा वेळी घराच्या वाटणीवरून बोलणे बंद झालेल्या चुलत्याने आपले वैधता प्रमाणपत्र दाखविण्यास नकार द्यावा, यासारखी खेदाची गोष्ट नाही. सरकारी नकाराविरुद्ध अपील आहे. भाऊबंदकीने दिलेल्या नकाराविरुद्ध ते कोठेच नाही.

तरी प्रत्येक कुटुंबाने यंदा घरातील जुने दप्तर सोडून पाहावे, वंशावळ लिहून काढावी, कागदांच्या प्रती करून भाऊबंदांस द्याव्यात, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.