कूटलेखनापासून टोकनापर्यंत : कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षिततेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

प्रत्यक्ष द्रव्य न नेता त्यावरील अधिकार मात्र दूरच्या गावी सुरक्षित पोहोचवावयाचा, हा प्रश्न भारतीय व्यापाराला नवा नाही. पेढीवाल्यांच्या हुंडीने तो दीर्घकाळ सोडविला. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या 'शहा'लाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच दिली जाई. त्यामुळे वाटेत चोरलेला कागद वटविणे चोराला सोपे नसे. हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' आणि तीही हरवल्यास 'परपेठ' लिहून देण्याची रीत होती. कागद लपविण्यापेक्षा तो अनधिकृत माणसाच्या उपयोगी पडू नये अशी व्यवस्था करणे, हे या पद्धतीचे मर्म होते. विसाव्या शतकातील बँक-कार्डाला हे मर्म गाठण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. प्रस्तुत लेखात या प्रवासाचे टप्पे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्डक्रमांक : ओळख आणि किल्ली

१९५० साली अमेरिकेत डायनर्स क्लबचे कार्ड सुरू झाले. पुढे बँकांची कार्डे आली आणि १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीत कार्डावर चुंबकीय पट्टी बसविण्याचे तंत्र विकसित झाले. सोय वाढली, परंतु एक मूलभूत दोष तसाच राहिला. कार्डावरील क्रमांक ही खातेदाराची ओळख होती आणि तीच त्याच्या खात्याची किल्लीही होती. ओळख अनेकांना दाखवावी लागते, तर किल्ली कोणालाही द्यावयाची नसते. या दोन विसंगत गोष्टी एकाच आकड्यात एकत्र आल्या. दुकानदार, हॉटेलातील नोकर, पावतीचा कार्बन कागद हाताळणारा, या प्रत्येकाजवळ काही क्षण ती किल्ली असे.

कूटलेखनाचे युग

२७ जून १९६७ रोजी लंडनजवळील एन्फिल्ड येथे बार्कलेज बँकेने रोख रक्कम देणारे यंत्र सुरू केले. त्याचे प्रवर्तक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. या यंत्रात कार्ड नव्हे, तर कार्बन-१४ या किरणोत्सारी द्रव्याची खूण असलेली कागदी चिठ्ठी घालावी लागे आणि सोबत गुप्त क्रमांक द्यावा लागे. वापरलेली चिठ्ठी यंत्र ठेवून घेई. एकदाच उपयोगी पडणाऱ्या अधिकारपत्राची ही कल्पना पुढे मागे पडली. पुनःपुन्हा वापरता येणारे कार्ड रूढ झाले.

यंत्रे तारांनी बँकेच्या संगणकाशी जोडली गेली, तेव्हा तारेवरून जाणारा गुप्त क्रमांक कोणी वाचू नये ही गरज निर्माण झाली. एन्क्रिप्शन म्हणजेच कूटलेखन हे तिचे उत्तर होते. आयबीएममधील हॉर्स्ट फाइस्टेल यांच्या 'ल्युसिफर' या पद्धतीचा उपयोग लंडनच्या लॉइड्स बँकेच्या रोकड-यंत्रांसाठी झाला. तिच्यातूनच विकसित झालेली 'डीईएस' ही पद्धत अमेरिकी शासनाने १९७७ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली आणि जगभरच्या बँकांनी ती अंगीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची होती. १९९८ मध्ये खास बांधलेल्या एका यंत्राने शक्य त्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहत तीन दिवसांच्या आत ती भेदली. त्यानंतर २००१ मध्ये 'एईएस' हे नवे प्रमाण आले. दरम्यान १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची संकल्पना मांडली होती. तिच्यामुळे परस्परांना पूर्वी कधीही न भेटलेले ग्राहक व विक्रेता यांच्यात सुरक्षित संपर्क शक्य झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून इंटरनेटवरील खरेदी याच पायावर उभी राहिली.

साठविलेल्या क्रमांकांचा धोका

कूटलेखनाने वाट सुरक्षित केली. मुक्कामाचे काय, हा प्रश्न मात्र उरला. विक्रेत्यांकडे लक्षावधी कार्डक्रमांक साठू लागले. २००४ च्या डिसेंबरमध्ये कार्ड कंपन्यांनी माहितीच्या सुरक्षिततेसाठी 'पीसीआय डीएसएस' ही समान मानके ठरविली. तरीही २००७ मध्ये टीजेएक्स या अमेरिकी विक्रेता-समूहाकडून किमान ४.५७ कोटी कार्डक्रमांक चोरीला गेल्याचे उघड झाले. २००९ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टलँड या कंपनीच्या प्रकरणात, तिच्या अंतर्गत जाळ्यातून उघड्या स्वरूपात जाणारी माहिती चोरांनी मधल्यामध्ये टिपली होती.

या घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कूटबद्ध माहिती वापरण्यासाठी ती कोठेतरी उलगडावी लागते, आणि ज्याच्याजवळ किल्ली आहे त्याच्यावर हल्ला झाला की कुलूप व्यर्थ ठरते. कूटलेखनाचे गणित सहसा हरत नाही. त्याच्या भोवतीची व्यवस्था हरते.

टोकनाची संकल्पना

टोकनायझेशनने प्रश्नच बदलला. क्रमांक कसा लपवावा, याऐवजी तो विक्रेत्याला द्यावाच कशाला, असा विचार पुढे आला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काही कंपन्यांनी ही पद्धत वापरण्यास प्रारंभ केला आणि २०१४ मध्ये ईएमव्हीको या संस्थेने तिचे तपशील प्रसिद्ध केले.

मूळ क्रमांकाच्या जागी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या क्रमांकाची योजना केली जाते. त्याला टोकन म्हणतात. टोकन व मूळ क्रमांक यांची जोडी कार्ड नेटवर्कच्या सुरक्षित कोठारात असते. टोकन हाती आले तरी केवळ आकडेमोड करून त्यातून मूळ क्रमांक काढता येत नाही. शिवाय ते विशिष्ट विक्रेत्याशी किंवा विशिष्ट मोबाइल संचाशी बांधलेले असते आणि मोबाइलवरील व्यवहारात प्रत्येक वेळी नवा सांकेतिक पुरावा सोबत जातो. त्यामुळे एका दुकानातून चोरलेले टोकन दुसरीकडे चालत नाही. येथे शहाजोग हुंडीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

तथापि टोकनाने कूटलेखन कालबाह्य झाले असे नव्हे. कोठारातील माहिती, तेथवरचा संदेश आणि सांकेतिक पुरावा या तिन्हींचे रक्षण कूटलेखनच करते.

भारतातील वाटचाल

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्ड-व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. २०१६ मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. जानेवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने टोकनायझेशनला परवानगी दिली आणि त्यासाठी ग्राहकाकडून शुल्क घेऊ नये असे बजावले. सप्टेंबर २०२१ मध्ये विक्रेत्यांकडे साठविल्या जाणाऱ्या कार्डांनाही ही सोय लागू झाली. मुदत अनेकदा वाढविल्यानंतर, १ ऑक्टोबर २०२२ पासून काही मर्यादित सवलती वगळता, कार्ड देणारी बँक व कार्ड नेटवर्क यांच्याव्यतिरिक्त कोणालाही कार्डक्रमांक साठविण्यास मनाई झाली. ओळख पटावी म्हणून शेवटचे चार आकडे व बँकेचे नाव ठेवण्याची तेवढी मुभा राहिली.

या पद्धतीची मर्यादा पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्यावरून लक्षात येते. चोरांनी बनावट कार्डे वापरून, बँकेच्या यंत्रणेऐवजी स्वतःच्याच बनावट यंत्रणेकडून मंजुरी मिळविली. २८ देशांतील यंत्रांमधून पैसे काढण्यात आले आणि एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची झाली. मंजुरी देणारे केंद्रच ताब्यात गेल्यावर विक्रेत्याजवळ क्रमांक आहे की टोकन, याला फारसा अर्थ उरत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षिततेचा इतिहास हा केवळ अधिकाधिक कठीण कुलुपांचा इतिहास नाही. कार्डक्रमांकात एकत्र आलेल्या ओळख व किल्ली यांना पुन्हा वेगळे करण्याचा तो इतिहास आहे. कूटलेखनाने किल्ली झाकली. टोकनाने ती दुकानदाराच्या हाती जाणेच थांबविले. परंतु त्यामुळे विश्वास अनेक दुकानांतून निघून मोजक्या कोठारांत एकवटला आहे. हुंडीच्या काळी शहाची पत बाजार पारखत असे. आज कोठार सांभाळणाऱ्या संस्थांची पत सामान्य ग्राहकाला पारखता येत नाही. म्हणून त्यांच्यावरील नियमित व उघड देखरेख ही या व्यवस्थेची पुढील गरज ठरते.