चौरस फुटांची जात

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास सास्तूर, होळी, राजेगाव, किल्लारी ही गावे काही क्षणांत ढिगारे झाली. सुमारे ८,००० माणसे गेली. किल्लारी लातूर जिल्ह्यात आणि सास्तूर धाराशिवात असली, तरी १९८२ पर्यंत हा सारा मुलूख एकाच उस्मानाबाद जिल्ह्याचा होता. तेथील जमिनीचा आणि जातीचा इतिहासही एकच आहे.

माणसे मेली ती घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद ही इथल्या प्रतिष्ठेची खूण होती. कुडाच्या, पत्र्याच्या झोपडीखाली सापडलेला माणूस त्यामानाने वाचला. गावकुसाबाहेरच्या दारिद्र्याने दिलेले हे एकमेव संरक्षण म्हणायचे!

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी उठली. घर किती मोठे मिळावे, हे मात्र कुटुंबातील माणसांवर ठरले नाही, जमिनीवर ठरले. भूमिहीनाला आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५० आणि त्यावरच्याला ७५०. वरवर पाहता या निकषात जातीचा उल्लेख कोठेही नाही. परंतु मराठवाड्यात जमीन कोणाकडे होती? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो काय जमीन मुबलक होती म्हणून? गायरान कसूनही ज्याचे नाव सातबारावर चढले नाही, तो सरकारदरबारी भूमिहीनच. शतकांच्या वंचनेचे मोजमाप असे थेट चौरस फुटांत उतरले.

पक्के, भूकंपात टिकणारे घर दलितांना मिळाले, ही गोष्ट क्षुल्लक नाही. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण अनेक वसाहतींत एका आकाराची घरे एकत्र बसवली गेली आणि लहान घरांची ओळ कोणाची, हे विचारावे लागले नाही. रुंद, सरळ रस्त्यांनी जुन्या गल्लीबोळांतला शेजार सर्वांचाच मोडला. शेत लांब गेल्याची तक्रारही सर्वांची होती. मात्र ज्याचा वाडा पडला त्याला ढिगाऱ्यातून सागवानी तुळया काढून नव्या घरापुढे पडवी उभारता आली. झोपडीच्या ढिगाऱ्यातून काय निघणार?

आता तिसरी पिढी त्या घरांत आहे. दोन भाऊ वेगळे निघाले की २५० फुटांची वाटणी होत नाही, एकाला बाहेर पडावे लागते. आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या घरवाटपाच्या याद्या मिळवून त्या सातबाऱ्याशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. हे काम विद्यापीठातील संशोधकांवर सोडण्यासारखे नाही.