सिक्युअर शेल

सिक्युअर शेल : (संक्षेपाने एसएसएच). नेटवर्कवरून दूरच्या संगणकावर लॉगिन करून तेथे कमांड चालवण्यासाठी, फाइली नेण्या-आणण्यासाठी वापरला जाणारा एन्क्रिप्टेड प्रोटोकॉल. त्याचा ठरलेला पोर्ट २२. वाटेतल्या कोणाला मजकूर वाचता येऊ नये, एवढाच त्याचा हेतू समजला जातो. पण पलीकडचे यंत्र आपल्याला हवे तेच आहे का, हे तपासणे हा त्याचा तितकाच महत्त्वाचा, आणि व्यवहारात बहुधा दुर्लक्षित राहणारा भाग आहे.

पूर्वपीठिका : आर्पानेटच्या आरंभापासून दूरस्थ लॉगिनसाठी टेलनेट वापरात होते. त्याचे मानक १९८३ मध्ये स्थिर झाले. टेलनेटमध्ये टाइप केलेले प्रत्येक अक्षर, पासवर्डसकट, उघडेच तारेवरून जाते. जुन्या इथरनेटवर अनेक यंत्रे एकाच केबलला जोडलेली असत. त्यांपैकी एक हाती लागले की बाकीच्यांचे पासवर्ड आपोआप जमा होत. बर्कली युनिक्समधील आरलॉगिन व आरएसएच यांनी पासवर्डची कटकटच काढून टाकली : ‘आरहोस्ट्स’ फाइलीत ज्या यंत्राचे नाव, तेथून आलेल्याला न विचारता प्रवेश. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेला मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) इतर मार्गांबरोबर या विश्वासावरूनही पसरला. २५ डिसेंबर १९९४ रोजी संगणकसुरक्षा-तज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रावर झालेल्या हल्ल्यात विश्वासातल्या यंत्राचा पत्ता बनावट रीतीने वापरून, टीसीपीचा क्रमांक अंदाजाने ओळखून, ‘आरहोस्ट्स’ फाइलीत फक्त दोन अधिकचिन्हे लिहिली गेली. त्यांचा अर्थ, कोणत्याही यंत्रावरून कोणीही यावे. हा हल्ला सर्वसाधारणपणे हॅकर केव्हिन मिटनिक याच्या नावावर सांगितला जातो. तपशिलांबाबत एकवाक्यता नाही.

उगम : हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरण्याचा प्रकार उघडकीस आल्यावर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये हा प्रोटोकॉल लिहिला आणि जुलैमध्ये तो विनामूल्य खुला केला. फाइल-हस्तांतरणाचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३ यांमधला २२ मोकळा होता; युलोनेन यांनी ईमेल करून तो मागितला आणि तो मिळाला. पुढे मूळ प्रोग्रॅमचा परवाना आवळत गेल्याने ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या गटाने जुन्या, मोकळ्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केले (डिसेंबर १९९९). आज प्रचारात असलेले बहुतांशी हेच. प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीत मजकूर वाटेत बदलला नाही ना हे पाहणारी सीआरसी-३२ तपासणी कच्ची निघाली. ही उणीव झाकण्यासाठी जोडलेल्या कोडमध्येही २००१ मध्ये भोक सापडले. ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ (२००३) या चित्रपटात नायिका वीजयंत्रणेच्या संगणकात शिरते ती याच भोकातून. दुसऱ्या आवृत्तीची मानके २००६ मध्ये प्रसिद्ध झाली.

होस्ट की : प्रत्येक सर्व्हरची स्वतःची कीजोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) असते. जोडणी होताना सर्व्हर आपल्या खासगी कीने सही करतो आणि त्याची सार्वजनिक की वापरणाऱ्याच्या संगणकावरील ‘नोन होस्ट्स’ फाइलीतल्या नोंदीशी पडताळली जाते. पहिल्या जोडणीच्या वेळी मात्र पडताळायला नोंदच नसते. प्रोग्रॅम कीचा फिंगरप्रिंट दाखवतो आणि ‘यस’ की ‘नो’ विचारतो. हा ठसा सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून फोनवर किंवा कागदावर आधी मिळवून अक्षर न् अक्षर जुळवावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात लोक ‘यस’ टाइप करून मोकळे होतात. कित्येक ऑटोमेशन स्क्रिप्टांत तर हा प्रश्नच बंद केलेला असतो. २०१५ पासून ओपनएसएसएचने एमडी५ ची सोळा अक्षरजोड्यांची माळ सोडून एसएचए-२५६ चा ठसा दाखवायला सुरुवात केली. तो अधिक बळकट आहे, मोठ्याने वाचून दाखवायला अधिक अवघड.

की बदललेली आढळल्यास ‘अॅट’ चिन्हांच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत इशारा येतो आणि जोडणी तुटते. याचे कारण म्हणजे मधे कोणी बसलेला असू शकतो, किंवा सर्व्हर नुसता नव्याने बसवलेला असू शकतो. इशाऱ्यावरून फरक कळत नाही. दुसरे कारण इतक्या वेळा खरे असते, की जुनी ओळ पुसून पुन्हा जोडणे ही प्रतिक्षिप्त क्रिया झाली आहे. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली. खासगी की काही काळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. वापरणाऱ्यांना ती जुनी ओळ पुसायलाच सांगावे लागले. सोबत नवा ठसा प्रसिद्ध केला होता, हे खरे. तो किती जणांनी जुळवून पाहिला असेल, याचा अंदाज वाचकाने करावा. या अडचणीवर दोन उपाय उपलब्ध आहेत : ठसा डीएनएसमध्ये नोंदवणे (मानक २००६; डीएनएसचे उत्तर सही केलेले असेल तरच उपयोगी) आणि होस्ट कीवर संस्थेच्या प्रमाणन कीने सही करणे (ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून). दुसरा अधिक सोयीचा असूनही लहान संस्थांत तो क्वचितच दिसतो.

वापरणाऱ्याची ओळख : पासवर्ड किंवा कीजोडी. इंटरनेटवर उघड्या असलेल्या पोर्ट २२ वर पासवर्डचे अंदाज अखंड चालू असतात. म्हणून पासवर्डने लॉगिन बंद ठेवावे, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. पोर्ट बदलल्याने लॉग हलके होतात. त्याला सुरक्षा म्हणावे का, यावर मात्र एकमत नाही.

की चांगली असली तरी ती घडवणारे साधन चांगले असेलच असे नाही. डेबियन या लिनक्स वितरणातील ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन-लायब्ररीतून एका तपासणी-साधनाची तक्रार थांबवण्यासाठी दोन ओळी निष्क्रिय केल्या गेल्या. त्यामुळे सप्टेंबर २००६ पासून तेथे बनणाऱ्या कीची यादृच्छिकता प्रोसेसच्या क्रमांकापुरती उरली : एका प्रकारच्या व लांबीच्या जेमतेम ३२,७६७ शक्य की. हे उघड झाले मे २००८ मध्ये. की वापरतानाही धोका असतो : एजंट फॉरवर्डिंग (आपली की पुढच्या सर्व्हरवरूनही वापरू देणारी सोय) सुरू ठेवून परक्या सर्व्हरवर गेल्यास तेथील रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, आपल्या कीने पुढे लॉगिन करता येते. मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या संदेशसेवेवरील २०१९ च्या घुसखोरीत हेच घडले.

एन्क्रिप्शनच्या आडूनही काही कळते. संवादी सत्रात प्रत्येक कळ स्वतंत्र पॅकेटमधून जाते आणि अक्षर पडद्यावर उमटवण्यासाठी उलट पॅकेट येते. आतमध्ये दुसरा पासवर्ड विचारला गेला की ही उलट पॅकेटे थांबतात. म्हणजे आता पासवर्ड टाइप होत आहे हे बाहेरून दिसते, आणि कळांमधल्या अंतरावरून अक्षरांचा अंदाज बांधता येतो. हे २००१ मध्ये दाखवले गेले. ओपनएसएसएचने कळांची वेळ झाकण्याची सोय २०२३ मध्ये केली.

अलीकडील घटना : मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे प्रोग्रॅमर कामगिरी मोजत असताना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. शोध घेता एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. ओपनएसएसएच स्वतः ही लायब्ररी वापरत नाही; काही लिनक्स वितरणांनी सिस्टमडी या सेवा-व्यवस्थापकासाठी केलेल्या जोडणीतून ती आत आली होती. चोरदरवाजा घालणाऱ्या ‘जिया टॅन’ या नावामागे कोण होते, हे सिद्ध झालेले नाही. जुलै २०२४ मध्ये उघड झालेला ओपनएसएसएचमधील ‘रिग्रेशन’ दोष म्हणजे २००६ मध्ये बुजवलेली चूक पुन्हा उघडली जाणे होय.

भारत : परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरीची माहिती सहा तासांत देणे व लॉग १८० दिवस ठेवणे बंधनकारक आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील परम ब्रह्म महासंगणकावर संशोधक एसएसएचनेच लॉगिन करतात.

इतर पद्धती : विंडोजवरील आरडीपी या दूरस्थ-डेस्कटॉप पद्धतीचा पोर्ट ३३८९; त्यातील ‘ब्लूकीप’ दोष २०१९ मध्ये जाहीर झाला. दूरच्या संगणकाचा पडदा दाखवणाऱ्या व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठ अक्षरेच धरली जातात.